यात्रा, सहल आणि सातपुड्याचा डोंगर

नंदुरबार जिल्ह्यात डोंगरावर दोन प्रकारची माणसे चढतात. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या दर्शनासाठी तोरणमाळला पायी येणारा भाविक आणि पावसाळा सरल्यावर सुट्ट्या जोडून यशवंत तलावाकाठी मुक्कामाला येणारे कुटुंब, दोघेही तीच सीताखाई पाहतात आणि तीच गार हवा अंगावर घेतात. एकाच्या येण्याला यात्रा म्हणतात, दुसऱ्याच्या येण्याला सहल. हा फरक नेमका कशात आहे? चालण्यात, श्रद्धेत, खर्चात, की डोंगराशी असलेल्या नात्यात? धर्मविचारातला हा जुना प्रश्न पर्यटनाच्या वाढीमुळे नव्याने उभा राहिला आहे. त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो: देवाचा मानलेला डोंगर सुट्टीचा डोंगर होऊ शकतो का, आणि ते ठरवायचे कोणी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्राने हेतूत शोधले. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड तीर्थयात्रेचा विस्ताराने परामर्श घेतो. त्यात संकलित झालेला विचार आजच्या वाचकाला चकित करण्याइतका बारकाईचा आहे. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे समर्थन गरिबांच्या बाजूने केलेले आहे. यज्ञाला साधने लागतात, द्रव्य लागते, माणसे लागतात. ते राजांना आणि श्रीमंतांना परवडते. तीर्थाला जायला पाय पुरतात. मात्र हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, अशी अट तिथेच घातलेली आहे. पुढच्या स्मृतींनी आणि निबंधग्रंथांनी या अटीचा हिशेब मांडला. दुसऱ्याच कामाने निघालेला माणूस वाटेत तीर्थाला पोचला तर त्याला अर्धे फळ. दुसऱ्याच्या वतीने गेलेल्याला सोळावा हिस्सा. वाहनाने गेल्यास अर्धे पुण्य जाते, छत्री आणि पादत्राणे वापरल्यास आणखी काही जाते, तीर्थात व्यापार केल्यास चारातले तीन भाग जातात आणि दान घेतल्यास सगळेच जाते.

या हिशेबातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ते अर्धे फळ. सहज म्हणून आलेल्याला शास्त्राने पापी ठरवले नाही, परत पाठवले नाही, त्याच्या नमस्काराला खोटे म्हटले नाही. माणसाचे हेतू नेहमी भेसळीचे असतात हे स्मृतिकारांनी ओळखले होते. हवापालटासाठी तोरणमाळला आलेले आणि वाटेत मच्छिंद्रनाथाच्या गुहेत हात जोडणारे कुटुंब या नियमाने अर्ध्या फळाचे धनी ठरते, आणि हा निवाडा उदार आहे. पण त्याची मर्यादाही इथेच दिसते. हा सगळा हिशेब चालणाऱ्याच्या खात्यातला आहे. त्याने काय सोडले, काय कमावले एवढेच त्यात मोजले जाते. ज्या डोंगरावर तो गेला त्या डोंगराचे आणि तिथे राहणाऱ्यांचे काय झाले, याला त्या खात्यात रकाना नाही.

तो रकाना सातपुड्यातल्या आदिवासी धर्मजीवनात सापडतो. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, वसावे, मावची, कोकणी असे अनेक समाज इथे राहतात. त्यांची देवस्थाने पुष्कळदा गाभारा आणि कळस असलेली नसतात. एखादा दगड, एखादा लाकडी खांब, एखादे झाड, एखादी गुहा, एवढेच तिथे असते. वाघदेवाची पूजा रानाच्या वाटेवर होते. कोकणी आणि भिल्ल समाजांत मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचे व्रत धरले जाते आणि त्याची सांगता डोंगरावरच होते. याहामोगी किंवा देवमोगरा माता ही या भागाची मोठी देवी. तिची महाशिवरात्रीची यात्रा आज गुजरातच्या हद्दीत सागबारा तालुक्यात भरते, पण तिच्या कथेचा धागा अक्कलकुवा तालुक्यातल्या दाब या डोंगरी परिसराशी बांधलेला आहे. याच दाबमध्ये कडाक्याच्या थंडीत पहाटे दव गोठते आणि गवतावर पांढरा थर चढतो. जिल्ह्याला बर्फ म्हणून जे काही माहीत आहे ते एवढेच. ते पाहायला हौशी लोक आता मुद्दाम जातात. देवांच्या कथेतले मूळ ठिकाण आणि हिवाळी कुतूहलाचे ठिकाण एकच असावे, यातच या निबंधाचा प्रश्न पुरता मावतो.

या धर्मात डोंगर हे कोणाच्या तरी राहण्याचे ठिकाण आहे. तिथे जाणारा माणूस पाहुणा असतो आणि पाहुण्याला यजमानाची रीत पाळावी लागते. काठी संस्थानच्या राजवाडी होळीत बावा, बुध्या अशी सोंगे घेणारे लोक होळीच्या आधी कित्येक दिवस पाळणी करतात. खाटेवर बसत नाहीत, जमिनीवर झोपतात, ब्रह्मचर्य पाळतात, स्वतःचे अन्न स्वतः शिजवतात. मयूरपंखांचा टोप आणि कमरेचे घुंगरू पाहून छायाचित्रे काढणाऱ्याला एका रात्रीचा नाच दिसतो. नाचणाऱ्याच्या दृष्टीने ती अनेक दिवसांच्या संयमाची शेवटची रात्र असते. त्याचा उत्सव लोकांनी पाहण्यासारखा आहे, पण तो लोकांनी पाहावा म्हणून केलेला नाही.

या विचाराचे सर्वांत उंच आणि सर्वांत गूढ उदाहरण म्हणजे अस्तंबा. धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यातले हे शिखर 1325 मीटर उंच आहे आणि राज्याच्या उंच शिखरांच्या यादीत त्याचे नाव येते. धनत्रयोदशीपासून दिवाळीपर्यंत तिथे यात्रा असते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून हजारो लोक येतात, त्यांत तरुणांचा भरणा मोठा असतो. तळोद्याहून कोठार, असली, जुना अस्तंबा, भीमकुंड अशा वाटेने रात्रीबेरात्री चढण चढली जाते. माथ्यावर दर्शन घ्यायचे ते अश्वत्थाम्याचे.

अश्वत्थामा हा कोणत्या अर्थाने देव? महाभारताच्या सौप्तिकपर्वात त्याने केलेले कृत्य क्षमेच्या पलीकडचे आहे. युद्ध संपल्यावर त्याने रात्री छावणीत शिरून झोपलेल्या माणसांना मारले, द्रौपदीच्या मुलांना मारले आणि उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला गेला, आणि तीन हजार वर्षे एकट्याने, कोणाशीही बोलता न येता, रानावनात भटकण्याचा शाप कृष्णाने त्याला दिला. लोककथेने ही जखम भरू दिली नाही. तो अजून सातपुड्यात फिरतो, जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो, असे इथे मानतात. यात्रेकरू त्याला अस्तंबा ऋषी म्हणतात. शास्त्राने ज्याला शिक्षा दिली त्याला डोंगराने आसरा दिला आणि लोकांनी त्याला वाटाड्या केले. अपराध्यालाही उपयोगी पडण्याची जागा उरते, हा या यात्रेतला धर्मविचार कोणत्याही ग्रंथातल्या प्रायश्चित्त-प्रकरणाइतका खोल आहे, आणि तो वर्षानुवर्षे चालणाऱ्या पायांनी टिकवला आहे.

अस्तंब्याच्या कथेतला एकांतही लक्षात घेण्याजोगा आहे. महाभारतात एकांत ही शिक्षा आहे. माणसांत परत येता न येणे यापेक्षा कठोर दंड कृष्णाला सुचला नाही. आजचा सुट्टीवर निघालेला माणूस नेमका हाच एकांत पैसे मोजून घेतो, त्याला विश्रांती म्हणतो, आणि त्यात काही खोटे नाही. गर्दीत पिचलेल्या शहराने एकांताचा अर्थच उलटा केला आहे. अस्तंब्याचा यात्रेकरू मात्र एकांतासाठी जात नाही. तो गावच्या पोरांबरोबर जातो, गात जातो, आणि एकट्या पडलेल्या कोणाला तरी वर्षातून एकदा भेटून येतो.

नर्मदा परिक्रमेत हा फरक आणखी टोकदार होतो. परंपरेने ही परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची. नदी ओलांडायची नाही, भिक्षेवर राहायचे, नदी उजव्या हाताला ठेवून चालायचे. दक्षिण तीरावर शूलपाणीच्या झाडीतला तिचा पट्टा नंदुरबार जिल्ह्यातून जातो. पुष्कळ परिक्रमावासी प्रकाशा, शहादा, तळोदा, अक्कलकुवा या सपाटीच्या वाटेनेही जातात. झाडीत परिक्रमावासींना लुटले जाई, हे जुन्या वर्णनांत वारंवार येते. लुटणारे लोक त्या रानातलेच, उपाशी आणि नाडलेले होते. परिक्रमावासींनी त्या लुटीला जो अर्थ दिला तो असाधारण आहे: अंगावरचे शेवटचे वस्त्रही नर्मदामाईने काढून घेतले, आता तीच देईल. जे गेले ते यात्रेचाच भाग झाले.

सुट्टीच्या योजनेत असे काही बसत नाही, बसूही शकत नाही. योजना म्हणजे अनिश्चिततेला आधीच बांधून ठेवणे. तारीख, गाडी, खोली, जेवण, परतीचे तिकीट, विमा हे सगळे त्यासाठीच असते. पाऊस आला, घाट बंद पडला, धुक्यात काही दिसले नाही तर ते नुकसान ठरते आणि त्याची भरपाई मागता येते. संकल्प वेगळा असतो. हातात पाणी घेऊन संकल्प सोडणारा माणूस काय करणार ते सांगतो, काय मिळणार ते सांगत नाही. योजना आणि संकल्प या दोन्ही शहाणपणाच्याच गोष्टी आहेत. मात्र योजना डोंगराकडून वचन घेते आणि संकल्प डोंगराला वचन देतो.

योजनेचा डोंगर कुठवर जातो हे पाहायचे तर युरोपच्या दक्षिणेकडे पाहावे लागते. ग्रीसमधला पार्नासोस हा 2457 मीटरचा पर्वत. त्याच्या पायथ्याशी डेल्फी, अपोलोचे ते स्थान जिथे राजे आपले भविष्य विचारायला येत. वरच्या उतारावर पॅन देव आणि वनदेवतांची कोरिकियन गुहा आहे. 1970 च्या सुमारास फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले तेव्हा भाविकांनी वाहिलेली जनावरांच्या घोट्याची वीस हजारांहून अधिक हाडे मिळाली. गरिबाची ही वाहणूक. आपल्याकडे डोंगरावरच्या देवाला मातीचे घोडे वाहतात तशी. हिवाळ्याच्या महिन्यांत अपोलो डेल्फी सोडून जातो आणि तिथे डायोनिसस वसतो, असे तिथे मानत. प्लुटार्क हा लेखक स्वतः डेल्फीचा पुजारी होता. दर दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात काही स्त्रिया डायोनिससच्या व्रतासाठी पार्नासोसवर जात. एकदा त्या वादळात आणि बर्फात अडकल्या, त्यांना सोडवायला गेलेल्यांची वस्त्रे गोठून लाकडासारखी कडक झाली, असे त्याने लिहून ठेवले आहे. दुसऱ्या शतकातल्या पौसानियास या प्रवाशाने शिखरांपर्यंत पोचणे धडधाकट माणसालाही अवघड असल्याचे नोंदवले.

त्याच पर्वतावर 1976 साली स्की केंद्र सुरू झाले. साधारण सोळाशे मीटरच्या वर दोऱ्यांवर लटकत्या खुर्च्या माणसांना उतारांवर नेऊन सोडतात आणि माणसे पायांना पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली येतात. अथेन्सहून मोटारीने काही तासांत तिथे पोचता येते. खाली अराखोवा गावात मुक्काम, वर दिवसभर बर्फ. हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. म्हणजे ज्या महिन्यांत डायोनिससच्या व्रतस्थ स्त्रिया जीव धोक्यात घालून वर जात, त्याच महिन्यांत आता सुट्टीची खोली शोधली जाते. बर्फ तोच, ऋतू तोच, पर्वत तोच. बदलली ती चढणाऱ्याची अपेक्षा. मात्र एक गोष्ट डोळ्यांआड करू नये: पार्नासोसच्या देवांना खुर्च्यांनी हुसकावले नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राटांनी जुने पूजाविधी बंद केले, आणि स्की केंद्र आले तोवर त्या डोंगरावर कोणी हात जोडणारे उरले नव्हते. तिथे सहलीने यात्रेची जागा घेतली नाही; रिकामी जागा भरली.

युरोपात डोंगराकडे पाहण्याची दृष्टी बदलली त्याचा आरंभ पुष्कळदा 1336 च्या एप्रिलमध्ये दाखवतात. पेत्रार्क हा इटालियन कवी दक्षिण फ्रान्समधल्या मोंव्हांतू या सुमारे 1900 मीटरच्या पर्वतावर धाकट्या भावाबरोबर चढला, केवळ वरून काय दिसते ते पाहायला. वाटेत एका म्हाताऱ्या मेंढपाळाने त्यांना परत जायला सांगितले. माथ्यावर त्याने खिशातले संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन उघडले, तर माणसे डोंगरांची उंची पाहायला जातात आणि स्वतःला विसरतात अशा आशयाचे वाक्य समोर आले. तो खजील झाला आणि खाली उतरेपर्यंत बोलला नाही. हे पत्र त्याने पुष्कळ नंतर रचले असे काही अभ्यासक मानतात. तरी त्यातला पेच खरा आहे. दृश्यासाठी चढलेला माणूस माथ्यावर पोचताच आपण इथे का आलो असे विचारू लागतो. सहल तिथे काही क्षण यात्रेच्या उंबऱ्यावर येते. मोंव्हांतूच्या उत्तर उतारावर आज हिवाळ्यात स्की चालते.

महाराष्ट्राला हा पेच घरचा आहे. महाबळेश्वरच्या पठारावर कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र आणि जुने शिवमंदिर इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून आहेत. 1828 नंतर मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने काही किलोमीटरवर मालकम पेठ वसली, ती उन्हाळ्यात गोऱ्या अधिकाऱ्यांची प्रकृती सांभाळण्यासाठी. क्षेत्र महाबळेश्वर आणि हवा खाण्याचे महाबळेश्वर अशी दोन गावे एकाच पठारावर, एकाच नावाने नांदू लागली. दोघांनी एकमेकांना संपवले नाही. पण कोणत्या गावाच्या गरजेने पठाराचे रस्ते, पाणी आणि जमीन ठरली हे सांगायला इतिहासकार लागत नाही. तोरणमाळकडेही इंग्रजांचे लक्ष गेले होते. खानदेशच्या 1880 च्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. पण दळणवळणाची अडचण आणि हिवताप यांनी त्याला मोठे ठाणे होऊ दिले नाही. ज्याला मागासलेपण म्हटले गेले त्यानेच या डोंगराचे जुने वळण टिकले.

आता दुसरा प्रश्न. डोंगर देवाचा आहे, हे म्हणणे सार्वजनिक निर्णयात कसे मोजायचे? याबाबत दोन न्यायालयांचे दोन निवाडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात सॅन फ्रान्सिस्को पीक्स हा पर्वत नवाहो, होपी आणि आणखी अनेक मूलनिवासी समाजांना पवित्र आहे. तिथे 1938 पासून स्की चालते. पुढे बर्फ कमी पडू लागल्याने शहरातले प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरून कृत्रिम बर्फ करण्याची योजना आली. त्या समाजांनी विरोध केला. 2008 साली संघीय अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने बहुमताने निर्णय दिला तो योजनेच्या बाजूने: कोणतेही स्थान नष्ट होत नाही, कोणालाही पूजेपासून अडवले जात नाही, परिणाम होतो तो फक्त भाविकांच्या आंतरिक अनुभवावर. मतभेद नोंदवणाऱ्या न्यायाधीशांनी हाच युक्तिवाद धर्माचे स्वरूप न समजल्याचे लक्षण मानला. डोंगर सदेह असेल तर त्याच्या अंगावर सांडपाण्याचा बर्फ पडणे ही भावनेची गोष्ट राहत नाही, घडलेली घटना ठरते.

ओडिशातल्या नियमगिरीचा निवाडा उलट दिशेने गेला. डोंगरिया कोंध समाज या डोंगराला नियमराजाचे स्थान मानतो. तिथे बॉक्साइटची खाण काढण्याचा प्रस्ताव होता. 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देव आहे की नाही या वादात न शिरता, खाणीमुळे धार्मिक हक्कांना बाधा येते का हे ग्रामसभांनी ठरवावे असा आदेश दिला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने या निर्णयाचे मोल मोठे आहे. बाहेरच्याला डोंगरात देव दिसत नाही हा पुरावा मानला गेला नाही. जे त्या डोंगराबरोबर जगतात त्यांचे म्हणणे हाच पुरावा झाला. 1955 साली कांचनगंगेवर पहिल्यांदा चढलेल्या जो ब्राउन आणि जॉर्ज बँड यांनी हेच कायद्याविना केले होते. सिक्कीमच्या चोग्यालांना दिलेल्या शब्दाप्रमाणे ते माथ्याच्या काही पावले आधी थांबले. शिखर जिंकल्याचा मान त्यांना पूर्ण मिळाला आणि माथा न तुडवल्याने त्यात काही उणे पडले नाही.

नंदुरबारला नियमगिरीची गोष्ट परकी नाही. जिल्ह्याचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतो. 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला समाजाच्या चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला, 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला जंगलाच्या सामूहिक हक्कांची जोड दिली. हे अधिकार मिळण्याआधी काय घडू शकत होते तेही या जिल्ह्याने पाहिले आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावे बाधित झाली. त्याच पाण्याखाली मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर गेले. नवे मंदिर गुजरातमध्ये गोरा येथे बांधले गेले. मूर्तीची पुनःप्रतिष्ठा करता येते, त्याला शास्त्रात विधी आहे. ज्या गावाचा देव हाच एक उतार, हाच एक खडक होता त्याच्या पुनःप्रतिष्ठेला कोणत्याही शास्त्रात विधी नाही. मंदिर हलते, डोंगर हलत नाही; म्हणून डोंगराबाबतची चूक दुरुस्त करता येत नाही.

या सगळ्यातून यात्रा निर्मळ आणि सहल मळकट असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. यात्राही डोंगराला जड होते. हजारोंचा मेळा काही दिवसांत जेवढा कचरा टाकून जातो तेवढा थोडे पर्यटक वर्षभरात टाकत नसतील. 2013 च्या जूनमध्ये केदारनाथला जे घडले त्यातली मनुष्यहानी एवढी मोठी झाली ती भर हंगामातल्या यात्रेच्या गर्दीमुळे. श्रद्धा असली म्हणजे नदीपात्रात बांधकाम करायला मोकळीक मिळत नाही. उलट बाजूने सहलीचे स्वतःचे पुण्य आहे. वर्षभर शेतात, दुकानात, कचेरीत राबलेल्या माणसाला चार दिवस थंड हवेत मुलाबाळांबरोबर काढावेसे वाटणे ही हलकी इच्छा नाही. आणि सातपुड्यातली कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जातात. डोंगरावरच चार पैसे मिळाले तर काहींचे स्थलांतर टळेल, हे कोणत्याही आध्यात्मिक युक्तिवादापुढे गौण ठरवता येत नाही. पर्यटन नको असे म्हणण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्या बाहेरच्या माणसाला तर मुळीच नाही.

म्हणून फरक शोधायचा तो हेतूत शोधून पुरत नाही. धर्मशास्त्राचा अर्ध्या फळाचा नियम बरोबर आहे, पण त्याला सातपुड्याच्या पाहुणचाराची जोड द्यावी लागते. अटी कोणाच्या, हा कसोटीचा प्रश्न आहे. अस्तंब्याला जाणारा डोंगराच्या अटी घेऊन चढतो: ठरलेले दिवस, ठरलेली वाट, पायी. पार्नासोसच्या उतारावर उतरणारा आपल्या अटी डोंगराला घालतो: बर्फ हवा, खुर्ची हवी, वेळेवर हवी. पहिल्या वृत्तीने केलेली सहल यात्रेच्या जवळ जाते. दुसऱ्या वृत्तीने केलेली यात्रा, मग ती हेलिकॉप्टरने केलेली देवदर्शनाची असो, सहलच राहते.

तोरणमाळच्या सहलीचा बेत या दृष्टीने आखला तर त्याचे तपशील बदलतात. शहाद्याहून सुमारे 55 किलोमीटरचा रस्ता आहे, शेवटचा टप्पा सात पायरीच्या घाटाचा. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत पठार हिरवे असते, हिवाळ्यात थंडी कडक पडते. महाशिवरात्रीच्या आसपास मौजेसाठी खोली अडवू नये. ते दिवस पायी येणाऱ्यांचे आहेत. गोरखनाथाच्या देवळाजवळ आणि नाथांच्या गुहांपाशी ध्वनिक्षेपक, मद्य आणि मांसाहाराच्या मेजवान्या टाळाव्यात. वाटाड्या गावातला घ्यावा, जेवण गावातल्या घरी सांगावे, त्याचे दाम घासाघीस न करता द्यावेत. वाटेत दगडाला शेंदूर लावलेला दिसला, खांबावर कोरीव आकृती दिसल्या, तर आधी विचारावे आणि मगच छायाचित्र घ्यावे. नको म्हटले तर घेऊ नये. काठीच्या होळीला जाणाऱ्याने पाळणी करणाऱ्यांना हात लावू नये, त्यांच्या मध्ये शिरू नये. अस्तंब्यावर दिवाळीच्या यात्रेव्यतिरिक्त चढायचे असेल तर पायथ्याच्या गावाला विचारून चढावे.

आणि सातपुड्यात मोठे विश्रामधाम, दोरवाट किंवा साहसी खेळांचे केंद्र उभारू पाहणाऱ्या कोणीही, मग ते शासन असो वा खासगी उद्योजक, नकाशा काढण्याआधी त्या डोंगराच्या ग्रामसभेपुढे जावे आणि तिने नाही म्हटले तर ते उत्तर मान्य करावे.